पाहण्याची जागा : खानदेशातल्या ऋतुनोंदींचा इतिहास

एप्रिलच्या संध्याकाळी, डोक्यावरचे पंखे गरम वारा फेकत असताना, इतके जण इतिहास ऐकायला येतात हे खानदेशातच होऊ शकतं. म्हणून प्रस्तावना लांबवत नाही, थेट विषयाला येतो.

आजचा प्रश्न एका ओळीत सांगण्यासारखा आहे. ऋतू कसे बदलतात याची वर्षानुवर्षं नोंद ठेवायची असेल, तर माणसानं उभं कुठे राहायचं?

पळस कधी फुलला, बहावा कधी पिवळा झाला, सुगरणीनं घरटं कधी विणायला घेतलं, नदीला पहिलं गढूळ पाणी कधी आलं, हे आपण सगळेच पाहतो. त्यावर बोलतोही. ‘यंदा पळस लवकर फुलला हो’ असं कोणी म्हणालं की मी विचारतो, कुठला पळस? गेल्या वर्षी तोच पाहिला होता का? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. गेल्या वर्षीचा पळस चोपड्याच्या रस्त्यावरचा असतो आणि यंदाचा लळिंगच्या घाटातला. मग लवकर म्हणजे कशापेक्षा लवकर? जागा बदलली की तुलनाच संपली.

पंचांग आपल्याला सांगतं की मृग नक्षत्र 7 किंवा 8 जूनला लागतं. पाऊस कधी लागेल ते पंचांगाला माहीत नसतं, ते जागेला माहीत असतं. आपल्या खानदेशाची रचना पाहा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे आणि सातमाळ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे, आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. पिंपळनेरकडे पाऊस धरतो तेव्हा धुळ्यात धूळ उडत असते. यावल-रावेरला केळीच्या बागा हिरव्यागार असतात आणि पारोळ्याला विहिरीचा तळ दिसत असतो. ‘खानदेशात पाऊस झाला’ हे वाक्य बातमीसाठी ठीक आहे, नोंदीसाठी निरुपयोगी आहे.

आणि ही गोष्ट नुसत्या हौसेची नाही. जळगाव जिल्ह्यातल्या केळी उत्पादकाला विचारा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात किती दिवस थंडी पडली, किती दिवस ऊन तापलं, वारा किती सुटला, हे ठरतं ते महसूल मंडळासाठी नेमलेल्या हवामान केंद्राच्या आकड्यावरून. तुमच्या बागेत पानं करपली, पण केंद्राच्या जागी तापमान तेवढं चढलं नाही, तर कागदावर तुमचं नुकसान झालेलंच नाही. मोजण्याची जागा कोणी आणि कुठे निवडली यावर माणसाचं वर्ष उभं राहतं किंवा बसतं. म्हणून या प्रश्नाचा इतिहास पाहायचा.

जगात कोणी जागा कशा निवडल्या

थोडं बाहेर जाऊन येऊ. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाचा जमीनदार होता. त्यानं 1736 साली वसंताच्या खुणा लिहून ठेवायला सुरुवात केली. पहिलं फूल कधी आलं, ओकला पालवी कधी फुटली, बेडूक कधी ओरडले, पाकोळ्या कधी परतल्या. अशा 27 खुणा. तो गेला, पण घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनी नोंदी चालू ठेवल्या, त्या 1958 सालापर्यंत. जवळजवळ सव्वादोनशे वर्षं. आज युरोपातला वसंत किती पुढे सरकला हे सांगताना शास्त्रज्ञ त्या वह्यांचा आधार घेतात. मार्शमनं जागा कशी निवडली? निवडलीच नाही. ती त्याची राहती जमीन होती.

दुसरं उदाहरण जपानच्या क्योटोचं. तिथे चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. त्या कोणा अभ्यासकानं ठेवलेल्या नाहीत. दरबारातली माणसं बहर आला की फुलांखाली मेजवानी करायची आणि रोजनिशीत त्याची तारीख लिहायची. हजार वर्षांनी संशोधकांनी त्या रोजनिशा उघडल्या आणि बहराच्या तारखांची माळ तयार केली. 2021 साली क्योटोचा पूर्ण बहर 26 मार्चला आला, आणि ही बाराशे वर्षांतली सर्वांत लवकरची तारीख आहे असं छातीठोकपणे सांगता आलं. कारण शहर तेच होतं, झाडाची जात तीच होती, आणि लिहिणाऱ्यांनी तारीख लिहिली होती.

या दोन्ही ठिकाणी जागा ‘सुंदर’ म्हणून किंवा ‘निसर्गसमृद्ध’ म्हणून शोधलेली नव्हती. माणसं तिथे होतीच आणि पुन्हा पुन्हा येणारच होती. हा धागा हातात धरून आता आपल्या घरी येऊ.

पांझरेच्या काठचा पाटकरी

धुळ्याच्या मंडळींना फड पद्धत सांगायला नको, पण इथे जळगावकडचेही लोक आहेत म्हणून थोडक्यात सांगतो. पांझरा, मोसम अशा नद्यांवर ठिकठिकाणी दगडी बंधारे बांधलेले. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि गावाच्या जमिनीत फिरतो. भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले असतात, त्यांना फड म्हणायचं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या फडात ऊस, त्या फडात हंगामी पीक, आणि पुढच्या वर्षी अदलाबदल. पाणी पाळीनं. ही व्यवस्था तीनशे-चारशे वर्षं जुनी मानली जाते, आणि ती सरकारनं नाही, गावांनी चालवली.

आता या व्यवस्थेत एक माणूस असतो, पाटकरी. पाटाची आणि पाण्याच्या वाटपाची जबाबदारी त्याची. हा माणूस बारा महिने काय करतो? बंधाऱ्यावर जातो आणि पाणी पाहतो. पहिला लोंढा कधी आला, भिंतीवरून पाणी पडायचं कधी थांबलं, पाटात किती उतरलं, उन्हाळ्यात झिरप कुठवर टिकली. कोणत्या फडाला कोणतं पीक सोसेल हे गावाला ठरवायचं असतं, आणि ते नदी काय म्हणते यावर ठरतं. नदीचं म्हणणं गावाला सांगणारा माणूस हाच.

मंडळी, मला विचाराल तर खानदेशातला नेमून दिलेला पहिला ऋतुनिरीक्षक हा पाटकरी आहे. त्याच्याकडे वही नव्हती. पण चांगल्या निरीक्षणाला जे लागतं ते बाकी सगळं त्याच्याकडे होतं. ठरलेली जागा होती. तीही अशी की पाणी चढलं-उतरलं तरी बंधाऱ्याची भिंत हलत नाही, म्हणजे मापाला पक्की खूण होती. पावसाळा असो की वैशाख, तिथे जाणं त्याला टळत नव्हतं. आणि त्याचं पाहणं चुकलं तर लगेच गावाचा ऊस वाळणार होता, म्हणजे खोटं सांगायची सोय नव्हती.

पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी वाढल्या, आणि बरेच फड मोडत गेले. फड मोडले याची चर्चा आपण पाण्याच्या अंगानं करतो, ती बरोबरच आहे. पण त्याबरोबर नदीकडे रोज पाहणारी नेमलेली नजरही गेली, हे फारसं बोललं जात नाही.

1880 साल

आता एक साल लक्षात ठेवा, 1880. या एका सालात तीन गोष्टी जुळून येतात.

पहिली, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा बारावा खंड त्या साली छापून आला. जमीन, पिकं, पाऊस, दुष्काळ, जाती, बाजार, सगळ्यांचे रकाने. सरकारी नजर म्हणजे काय ते पाहायचं असेल तर हा खंड उघडावा.

दुसरी गोष्ट, त्याच साली 24 ऑगस्टला जळगावजवळ आसोद्याला बहिणाबाईंचा जन्म झाला. अक्षरओळख नसलेली बाई. त्यांची कविता मुलानं, सोपानदेवांनी आणि एका नातेवाइकानं उतरवून घेतली म्हणून उरली. ती पुस्तकरूपानं आली 1952 साली, बहिणाबाई गेल्यानंतर. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी, सुगरणीचा खोपा, कडुनिंब. काव्य म्हणून त्यावर बोलणारे जाणकार आहेत, मी त्यात शिरत नाही. मला एवढंच दिसतं की आसोदा आणि जळगाव या थोड्याशा टापूत या बाईनं सत्तर वर्षं काढली. शेत तेच, वाट तीच. एका जागी वारंवार गेल्याशिवाय इतकं बारीक दिसत नाही.

आणि तिसरी गोष्ट. त्याच सुमारास, म्हणजे 1880 नंतरच्या तीन-चार वर्षांत, जेम्स डेव्हिडसन नावाचा सनदी अधिकारी पश्चिम खानदेशात फिरत होता. त्याला पक्ष्यांचं वेड. शहादा-तळोद्याच्या जंगलात त्यानं घुबडाच्या जातीतले काही छोटे पक्षी टिपले. त्यांची कातडी स्वतः सोलली, भरली, आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधली. कुठे मिळाला, कधी मिळाला. तो पक्षी म्हणजे रानपिंगळा. पुढचा अर्धा तास आपल्याला या चिठ्ठीबद्दल बोलायचं आहे.

छावणीतून दिसणारा निसर्ग

डेव्हिडसननं पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी 1882 साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. हे नियतकालिक चालवायचे ए. ओ. ह्यूम. होय, तेच ह्यूम, ज्यांचं नाव काँग्रेसच्या स्थापनेत आपण शाळेत शिकलो.

ही यादी मोठ्या मोलाची आहे. पण ती कुठल्या जागेवरून पाहिलेली आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यानं विचारलं पाहिजे. त्या काळचा इंग्रज अधिकारी पावसाळा मुख्य ठाण्यावर काढायचा. पाऊस उघडला, रस्ते वाळले की तंबू, घोडे, कारकून घेऊन दौऱ्यावर निघायचा, तो उन्हाळा तापेपर्यंत. म्हणजे अशा नोंदींमध्ये जंगल दिसतं ते जास्त करून हिवाळ्याचं. आषाढ-श्रावणातला सातपुडा त्यात कमी असतो. छावणी आज इथे, आठ दिवसांनी तिथे. पाहणारा हुशार असला तरी त्याची जागा सरकारी कामानं ठरवलेली, आणि वर्षाचा एक मोठा तुकडा त्यातून सुटलेला.

याच माणसाचं पुढचं काम पाहिलं की फरक कळतो. डेव्हिडसन नंतर कारवारकडे कलेक्टर होता. तिथे एटकेन आणि बेल या दोन मित्रांबरोबर त्यानं फुलपाखरांवर काम केलं. अळ्या आणायच्या, घरी पाळायच्या, कोणती अळी कोणतं पान खाते, कोषातून काय बाहेर येतं, ते लिहायचं. हे दौऱ्यावर होत नाही. अळीला रोज पान लागतं, आणि त्यासाठी माणूस रोज तिथेच लागतो. एकच निरीक्षक, पण जागेशी नातं बदललं तसं त्याला दिसणारंही बदललं.

चिठ्ठीवरचं गाव

आता रानपिंगळ्याची गोष्ट. हा पक्षी शास्त्राला कळला तो 1872 साली आजच्या छत्तीसगडात ब्लेविट यांना मिळालेल्या नमुन्यावरून, आणि ह्यूमनं 1873 साली त्याला नाव दिलं. त्यानंतर 1877 साली ओडिशाच्या बाजूला एक मिळाला, आणि मग डेव्हिडसनचे खानदेशातले. 1884 नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने. त्यातला सर्वांत अलीकडचा होता रिचर्ड मायनर्टझहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या नावावर. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 1914, तापीकाठचं मांडवी. म्हणजे गुजरातेत, सुरतेच्या बाजूला.

शोधणाऱ्यानं काय करावं? सर्वांत ताजी नोंद असेल तिथे जावं. लोक तसे गेले. सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासारख्या माणसांनीही या पक्ष्याचा शोध घेतला, पण तो सापडला नाही. हळूहळू तो नामशेष झाला असावा असं बोललं जाऊ लागलं.

1990 च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी अभ्यासक मायनर्टझहागनचे नमुने तपासत होत्या. या माणसानं दुसऱ्यांचे पक्षी चोरून स्वतःच्या नावावर लावले असल्याचा संशय आधीपासून होता. रानपिंगळ्याचा तो नमुना क्ष-किरणांखाली ठेवला, टाके आणि आतलं भरण पाहिलं. पक्षी एकदा सोलून भरलेला, मग पुन्हा उसवून नव्यानं भरलेला निघाला. आणि मूळ सोलण्याची हातोटी डेव्हिडसनची. शिंप्याला जसा दुसऱ्या शिंप्याचा टाका ओळखता येतो, तसंच हे. ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचा नमुना चोरून त्यावर खोटं गाव आणि खोटं साल लावलेलं होतं.

पाहा, किती साळसूद खोटेपणा आहे. नदी तीच, तापी. फक्त गाव बदललं आणि सालात तीस वर्षं पुढे सरकवली. पण तेवढ्यानं शोध घेणाऱ्यांचे पाय चुकीच्या वाटेला लागले. राजवाड्यांच्या धुळ्यात हे सांगायला नको. ज्या गावात 1927 साली राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं, त्या गावाला माहीत आहे की कागदावरचं ठिकाण आणि तारीख खोटी असली तर कागद नसलेला परवडला. पक्ष्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी हादेखील दस्तऐवजच आहे.

मांडवी यादीतून काढली. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तिघांनी उरलेल्या खऱ्या जागा पकडल्या. आधी पूर्वेकडे शोधलं, हाती काही लागलं नाही. मग आले खानदेशात, डेव्हिडसनच्या चिठ्ठीवरच्या शहाद्याला. आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला, रानपिंगळा समोर बसलेला दिसला. 113 वर्षांनी.

तो लपून बसला नव्हता, मंडळी. जिथे आहे असं एका प्रामाणिक माणसानं लिहून ठेवलं होतं, तिथेच होता. तिथल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांच्या आसपासच होता. खरी चिठ्ठी संग्रहालयाच्या खणात होती, पण तिच्या शेजारी एक खोटी चिठ्ठी ठेवलेली होती.

पुढचा भाग मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. पक्षी सापडल्याची बातमी जगभर गेली, पण त्याच्याबद्दलचं ज्ञान त्या एका सकाळी मिळालं नाही. त्यानंतर फराह इश्तियाक, असद रहमानी आणि इतर अभ्यासक त्याच रानांत परत परत गेले. तेव्हा कळलं की हे घुबड दिवसाही शिकार करतं, जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतं, आणि त्याचा विणीचा काळ पावसाळा सरल्यानंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. मग मेळघाटात, आपल्या यावल अभयारण्यात, आणि आणखीही ठिकाणी तो आढळला. 2018 साली त्याचं वर्गीकरण ‘अतिसंकटग्रस्त’ या गटातून ‘संकटग्रस्त’ या गटात आलं. शोध एका दिवसात लागू शकतो, पण ऋतू कळायला तीच जागा वर्षभर लागते.

घराजवळची जागा

इथे कोणी म्हणेल, आम्ही काही सातपुड्यात राहत नाही. बरोबर आहे. म्हणून सलीम अलींचंच दुसरं उदाहरण देतो. 1930 साली ते जर्मनीहून शिकून परतले आणि नोकरी नव्हती. अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. तिथे आडोसा करून पावसाळाभर ते रोज बसले. त्यातून कळलं की नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन पसंत करते, मग तो ते पुरं करतो, आणि तिचा संसार लागला की दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सुगरणीचा खोपा शेकडो वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर होता. कोणी एका झाडाखाली पूर्ण हंगाम बसलं नव्हतं, एवढंच. पगाराची नोकरी असती तर कदाचित हेही झालं नसतं.

आता आपण. मघाशी आत येताना एकांनी विचारलं, ‘सर, जळगावात राहून अशी जागा निवडायची तर कोणती?’ या सगळ्या इतिहासातून मला जे निघतं ते सांगतो.

पहिलं, पाय आपोआप जातील अशी जागा घ्या. पाटकऱ्याची कसोटी. जळगावात मेहरूण तलावाची फेरी मारता? तिथलं एक झाड धरा. बोरासाठी प्रसिद्ध असलेलं मेहरूण आहे ते, बोरीचं झाड धरलंत तर उत्तमच. धुळ्यात पांझरेच्या काठानं कामावर जाता? पुलाजवळची एक जागा धरा. शेत असेल तर बांधावरचा कडुनिंब किंवा विहिरीवरची बाभूळ. पाल, तोरणमाळ, पाटणादेवी इथे वर्षातून एकदा जाऊन या, आनंद घ्या. पण ती सहल झाली, नोंद नव्हे.

दुसरं, सगळ्या ऋतूंत पोचता येईल का ते बघा. डेव्हिडसनच्या यादीतला पावसाळा आठवा. चिखलामुळे तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये जाणार नसाल, किंवा मे महिन्यात दुपारी बाराला सोडून वेळ मिळणार नसेल, तर ती जागा तुमची नाही. जंगलखात्याच्या हद्दीत परवानगी लागते, तिचाही विचार आधी करा.

तिसरं, पक्की खूण हवी. हतनूरला पक्षी पाहायला जाणाऱ्यांना माहीत आहे, धरणाचं पाणी उतरतं तसा काठ शेकडो पावलं सरकतो. ‘काठावर पक्षी कमी झाले’ म्हणताना काठच हललेला असतो. म्हणून बंधाऱ्याच्या भिंतीसारखं काहीतरी धरा. एखादा खडक, पुलाचा खांब, मंदिराची पायरी. दर वेळी तिथूनच पाहायचं. आणि झाड निवडताना रस्ता रुंदीकरणाच्या खुणेतलं निवडू नका. पाच वर्षांनी झाडही नाही आणि नोंदही नाही.

चौथं, जागेचं नाव पूर्ण लिहा. फक्त जिल्हा लिहून भागत नाही. 1906 साली एका खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढे त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली. रानपिंगळा सापडला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, आणि 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा झाला. म्हणजे सापडल्यावर आठ महिन्यांच्या आत त्याचा जिल्हा बदलला. गाव लिहा, तालुका लिहा, शिवार लिहा, कोणत्या विहिरीपासून किती पावलं ते लिहा. मोबाईलवर अक्षांश-रेखांश मिळतात, तेही लिहा.

तारखेबद्दलही एक सूचना. आपल्याकडे ‘आखाजीला आंबा पिकला होता’ अशी आठवण असते. ती गोड आहे, पण आखाजी तिथीवर चालते आणि अधिक मासामुळे कधी एप्रिलमध्ये येते, कधी मेमध्ये. नक्षत्रं सूर्यावर चालतात म्हणून शेतकऱ्याला ती जास्त भरवशाची वाटतात. तुम्ही इंग्रजी तारीख लिहा आणि शेजारी तिथी-नक्षत्र लिहा. पुढच्या माणसाला दोन्ही वाटा मोकळ्या राहतील.

लिहायचं काय? फार नाही. दर आठवड्याला एकदा, कोवळी पानं, जुनी पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं, यांतलं काय आहे आणि अंदाजे किती. देशात सीझनवॉच नावाचा उपक्रम साधारण 2010 पासून अशाच साध्या पद्धतीनं चालतो, शाळेतली मुलंही त्यात नोंदी करतात. आणि ज्या दिवशी काही बदल नसेल, त्या दिवशी ‘बदल नाही’ असं लिहा. पावसाच्या वहीत कोरड्या दिवसाचाही शून्य लिहावा लागतो. तो लिहिला नाही तर नंतर कळत नाही की पाऊस नव्हता की लिहिणारा नव्हता.

एक खबरदारी मात्र घ्या. खरं ठिकाण लिहायचं ते वहीत. दुर्मीळ पक्ष्याचं घरटं असेल तर ते गावभर सांगत फिरू नका, नाहीतर कॅमेऱ्यांची रांग लागते आणि पक्षी घरटं सोडतो.

आपल्या तालुक्याच्या कचेऱ्यांत पावसाचा रकाना होता, पिकाच्या आणेवारीचा रकाना होता. पळसाचा रकाना नव्हता, सुगरणीचा नव्हता. म्हणून आज कोणी म्हणालं की जळगावचा उन्हाळा आता लवकर सुरू होतो, तर तापमापकाचे आकडे दाखवता येतात, पण झाडांनी आणि पाखरांनी त्याला काय उत्तर दिलं ते दाखवणं फार कठीण जातं. बहिणाबाई आणि पाटकरी यांनी ते पाहिलं होतं, लिहिणं त्यांच्या हातात नव्हतं. आपण सगळे लिहिणारे आहोत. नातवाला तीस-चाळीस वर्षांनी एका झाडाची सलग वही मिळाली, तर ती घरातल्या सात-बाराइतकी जपण्यासारखी असेल.

पळसाचा हंगाम गेला, त्याला आता पुढच्या फाल्गुनाची वाट पाहावी लागेल. पण बहाव्याला फुलं येताहेत, कडुनिंब मोहरलाय, आणि मृगाला अजून सातेक आठवडे आहेत. पहिल्या पावसाआधी जागा ठरवायला एवढा वेळ पुरे आहे. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेला याल तेव्हा वही घेऊन या, आपण त्या पाहू.